अंबाड्यातली चिठ्ठी

१९४४ साली पणजीच्या तुरुंगात अठरा वर्षांची एक बाई भावाला भेटायला आली. केसांचा घट्ट अंबाडा घातलेला होता आणि त्या अंबाड्यात कागदाची एक बारीक घडी होती. तुरुंगातून पळून जायचा बेत त्या घडीत लिहिलेला होता. ज्याला ती भेटली तो बाळ जोशी नात्याने तिचा कुणीच नव्हता. साताऱ्याच्या भूमिगत चळवळीतल्या तूफान सेनेसाठी गोव्यातून हत्यारं नेताना तो पोर्तुगीजांच्या हाती लागला होता. बहिणीचं सोंग घेऊन आलेली ही बाई म्हणजे हौसाताई, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. चिठ्ठी पोचली. पण पोलिसांनी तोंड पाहिलेलं असल्यामुळे आल्या वाटेने परतणं धोक्याचं होतं. तेव्हा हौसाताईंनी मांडवी नदी रात्रीच्या अंधारात ओलांडली, तीही होडीतून नाही, तर एका मोठ्या लाकडी पेटीवर पालथं पडून.

दुसऱ्या महायुद्धातल्या गुप्त कामाच्या कथा पुण्यातही आवडीने वाचल्या जातात. इंग्लंडातल्या ब्लेचली पार्कमध्ये शत्रूच्या सांकेतिक तारा उलगडणाऱ्या मुली, त्यांच्या रात्रपाळ्या, एकमेकींना दिलेला आधार, घरच्यांपासूनही राखलेलं मौन, यावर तिकडे कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या येत आहेत. त्या वाचताना मला कात्रजचा घाट आठवतो. त्याच वर्षांत या घाटापलीकडे, आणि बोरघाटाखाली मुंबईतही, आपल्याकडच्या बाया तितकंच जोखमीचं गुप्त काम करत होत्या. त्यांच्यावरची मराठी कादंबरी मात्र अजून वाट पाहते आहे.

कात्रज तेव्हा पुण्याबाहेरचं खेडं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथल्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ नेला, मधे मधे उच्छ्वास ठेवले. पाणी उताराने आपोआप जायचं आणि वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. १९४२ नंतर साताऱ्याची भूमिगत चळवळ अशीच वाहत राहिली. कात्रजचा घाट चढून पलीकडे उतरलं की वाटेत भोर संस्थानचा मुलूख आणि पुढे सातारा जिल्हा. आजचा सांगली जिल्हाही तेव्हा साताऱ्यातच मोडत होता. चकवा देण्याची परंपरा तर या घाटाला फार जुनी आहे. १६६३ साली लाल महालावर छापा घातल्यावर शिवाजी महाराजांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात हाकलले, मोगल फौज उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

आधी ब्लेचलीचं काम थोडं जवळून पाहू, म्हणजे आपल्याकडच्या कामाची जात कळेल. युद्ध संपताना तिथे सुमारे नऊ हजार माणसं राबत होती आणि त्यांतल्या चारांत तीन बाया होत्या. त्यातली मेव्हिस लीव्हर ही जर्मन साहित्याची विद्यार्थिनी, वय एकोणीस. इटालियन नौदलाची एक सांकेतिक तार तिच्यापुढे आली. तिने ती नुसती न्याहाळली आणि तिच्या ध्यानात आलं की एवढ्या लांब मजकुरात ‘एल’ हे अक्षर एकदाही नाही. अशा तारा बनवणाऱ्या एनिग्मा यंत्राचा एक दोष होता. कुठलंही अक्षर दाबलं तरी ते अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. म्हणजे यंत्रावर बसलेल्या माणसाला खोटी तार पाठवायचा हुकूम झाला असणार आणि त्याने कंटाळून एकच कळ दाबत ठेवली असणार, ती ‘एल’ची! त्या एका तर्कावरून यंत्राच्या चाकांची जोडणी हाती आली. पुढे मार्च १९४१ मध्ये मेव्हिसच्या गटाने उलगडलेल्या तारांमुळे केप मॅटापानच्या लढाईत इटालियन आरमाराला जबर फटका बसला. मेव्हिस आणि मार्गरेट रॉक यांची जोडी होती. जर्मन हेरखात्याची वेगळ्या जातीची एनिग्मा १९४१च्या अखेरीस फुटली ती या दोघींच्या कामामुळे.

कूट फोडणं हे एकटीचं काम नव्हे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकीने पाहिलेली चूक दुसरीने तपासायची, तिसरीने कार्डावर उतरवायची, रात्रपाळीच्या मुलीने सकाळच्या मुलीच्या हाती धागा द्यायचा. आपण काय करतो हे आईबापांना सांगायची सोय नाही, जिवलगालाही सांगायची सोय नाही. मग बोलायला उरते शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, आणि तिच्याशीही मोजकंच बोलायचं. १९७४ साली पुस्तकरूपाने हे गुपित उघड झालं तोवर त्यांतल्या बहुतेक बायांनी तीस वर्षं तोंडाला कुलूप घातलेलं होतं.

याच यंत्रणेची एक शाखा हिंदुस्थानातही होती. दिल्लीत आनंद पर्वतावर ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ असं साधंसुधं नाव लावून जपानी लष्कराच्या तारा ऐकल्या आणि उलगडल्या जात. जपानी लष्कराच्या जलवाहतुकीचं कूट एप्रिल १९४३ मध्ये फुटलं, त्यात या केंद्राचा मोठा वाटा होता. १९४२ मध्ये हिंदुस्थानात महिला सहाय्यक दल उभं राहिलं. युद्ध संपेपर्यंत त्यात दहा हजारांवर बाया होत्या. कुणी टंकलेखन करी, कुणी टेलिफोन आणि बिनतारी यंत्रणा सांभाळी, कुणी संकेतलेखनाच्या खोल्यांत बसे. तीही आपलीच माणसं होती, आणि जपानचं संकट काही खोटं नव्हतं. पण ज्या सरकारचे कान आनंद पर्वतावरून ब्रह्मदेशाकडे लागले होते, त्याच सरकारचे कान ऑगस्ट १९४२ नंतर मुंबईकडेही लागले.

८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे पुढारी गजाआड गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. सरकार जे सांगेल तीच बातमी. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की आपला स्वतःचा आवाज हवेत सोडायचा. उषाबेन मूळच्या सुरतेजवळच्या सरस गावच्या, वडील सरकारी न्यायाधीश, शिक्षण विल्सन कॉलेजात. सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात त्या आठव्या वर्षी चालल्या होत्या. यंत्राचं सामान ‘शिकागो रेडिओ’च्या नानक मोटवाने यांच्याकडून मिळालं. २७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीवरच्या एका इमारतीतून ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ पहिल्यांदा बोलला. हिंदुस्थानात कुठून तरी बोलत आहोत, एवढाच पत्ता ऐकणाऱ्याला दिला जायचा.

बोलण्याची जागा आणि ध्वनिमुद्रणाची जागा वेगळी ठेवलेली होती. जो मजकूर लिहितो, जो वाचतो आणि जो तबकडी लावतो, त्यांच्या वाटा शक्यतो एकमेकांना छेदू द्यायच्या नाहीत. एक पकडला गेला तरी बाकीचे वाचावेत. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत शहरात हिंडत, म्हणून बिऱ्हाड सारखं बदलावं लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेखवाडी, शेवटी महालक्ष्मीच्या देवळाजवळचा बंगला. पारेखवाडीचं नाव वाचलं की मला थांबायला होतं. गिरगावात शेजारच्या घरी पाहुणा आला तरी सगळ्या मजल्यांना कळतं. तिथे एक आख्खं प्रक्षेपण केंद्र लपवायचं म्हणजे केवढी छाती लागत असेल!

आवाज देणाऱ्यांत राम मनोहर लोहिया होते, अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन होते, मोइनुद्दीन हॅरिस होते आणि कूमी दस्तूर होत्या. इंग्रजी निवेदनांतला हा दुसरा बाईचा आवाज उषाबेनच्या कथेत नेहमी मागे पडतो. २०२४ साली उषाबेनवर हिंदी चित्रपट आला, पडद्यावर एक तेजस्वी एकटी मुलगी दिसली. एकट्या नायिकेची कथा सांगायला सोपी असते हे खरं. पण एकटीने हे केंद्र आठ दिवसही चाललं नसतं. उषाबेनच्या मागे बाबुभाई खाकर होते, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी होते, घरातली जागा देणारे, निरोप पोचवणारे होते. कूमीबाईंचं नाव काढून टाकलं की उषाबेन मोठ्या होत नाहीत, त्यांचं काम मात्र अर्धं दिसतं.

या रेडिओने दिलेली एक बातमी विदर्भातली होती. १६ ऑगस्टला आष्टी आणि चिमूरला लोक उठले. त्यानंतर चिमूरला लष्कर घुसलं आणि बायांवर जे अत्याचार झाले ते छापायला बंदी होती. ज्या गोष्टी चिमूरच्या बायांनी सोसल्या त्या मुंबईतल्या एका बंद खोलीतून दुसऱ्या बायांनी देशाला ऐकवल्या. पुढे प्राध्यापक भन्साळींनी चौकशीसाठी त्रेसष्ट दिवसांचा उपास केला. चिमूर नावाचं गाव नकाशावर शोधायला लोकांना भाग पाडलं ते आधी या लहरींनी.

१२ नोव्हेंबर १९४२. पोलिसांनी आधीच तंत्रज्ञाला गाठलं होतं आणि जागा त्याच्याकडूनच कळली होती. बाबुभाईंच्या कचेरीवर धाड पडल्याचं उषाबेननी स्वतः पाहिलं. त्या तिथून निसटल्या, ध्वनिमुद्रणाच्या जागी जाऊन सहकाऱ्यांना सावध केलं, आणि मग घरी न जाता चंद्रकांत झवेरींसोबत प्रक्षेपणाला गेल्या. कार्यक्रम ठरला आहे, तो व्हायला हवा. दारं फोडत पोलीस आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत होती. ती थांबवायचा हुकूम त्यांनी मानला नाही.

मग महिनोन्‌महिने चौकशी, एकांतवास. परदेशी शिक्षणाला पाठवू, सोबत्यांची नावं सांग, असं आमिषही दाखवून झालं. खटल्यात उषाबेननी न्यायाधीशांना विचारलं की प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का. नाही, असं कळल्यावर त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, अगदी जे उत्तर त्यांना स्वतःला सोडवू शकलं असतं तेही नाही. इतके दिवस सरकारने त्यांचं प्रत्येक प्रक्षेपण चोरून ऐकून शब्दन्‌शब्द टिपून ठेवलं होतं, तीच टिपणं कोर्टात पुरावा म्हणून आली. आज काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आपल्याला कळतं ते मुख्यतः या टिपणांमुळे. शत्रूच्या कारकुनांनी इतिहास सांभाळून ठेवला!

शिक्षा झाली चार वर्षांची, आणि तुरुंग येरवड्याचा. बेचाळीस ते सेहेचाळीस या काळात येरवड्याच्या भिंतींआड महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या राजबंदी बाया होत्या. थोड्याच अंतरावर आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा होत्या, सरोजिनी नायडू होत्या, मीराबेन होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा तिथेच गेल्या. उषाबेनची तब्येत ढासळली तेव्हा त्यांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात हलवलं, पण खाटेभोवती चोवीस तास पोलीस बसवलेले होते. १९४६ साली त्या सुटल्या. पुढे डॉक्टरेट, मुंबईत राज्यशास्त्राचं अध्यापन, १९९८ साली पद्मविभूषण. आयुष्यभर खादी नेसली.

आता घाटापलीकडे जाऊ. सप्टेंबर १९४२ मध्ये साताऱ्यात मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. तासगावचा शांततेत झाला, ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथीदार पडले, दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला पुन्हा गोळीबार. त्यानंतर माणसं भूमिगत झाली आणि १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. गावोगावी न्यायनिवाडे, गांधी-लग्नं, सावकार आणि गुंडांना शिक्षा, आणि हत्यारी पथक म्हणून तूफान सेना. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी थेट खानदेशात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला.

हे सगळं चाललं कसं, याचं एक कारण नकाशात आहे. कुंडल हे गाव औंध संस्थानात होतं आणि संस्थानी हद्दीत ब्रिटिश पोलिसांना मोकळा हात नव्हता. औंधच्या राजांनी तर १९३८-३९ सालीच प्रजेच्या हाती कारभार द्यायला सुरुवात केली होती. कुंडलशेजारच्याच किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघत होतं. एका बाजूला शिकलेल्या बायकांच्या हक्कांवर लेख छापले जात होते आणि दोन-चार मैलांवर कधी शाळेची पायरी न चढलेल्या बाया भाकरीच्या फडक्यातून काडतुसं नेत होत्या. महाराष्ट्राच्या स्त्रीजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन गावं एकाच पानावर आणायला हवीत.

दुसरं कारण घरांत आहे. प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील यांच्या घरावर आणि जमिनीवर जप्ती आली. भीतीने गावात कुणी कामाला बोलवेना. हौसाताईंच्या घरी उंबराची फळं शिजवून पोट भरायचे दिवस आले. तीन वर्षांची असताना आई गेलेली, वडील भूमिगत, अशा मुलीला ज्यांनी जेवू घातलं आणि ज्यांच्याकडे ती रात्री-अपरात्री दार वाजवून आत शिरली, त्या बायांच्या जोरावर नाना पाटील १९४६ पर्यंत एकदाही सापडले नाहीत. प्रतिसरकारचं खरं टपालखातं ते हे. आणि सातारा हा तर पलटणींचा जिल्हा. कित्येक घरांतले मुलगे त्याच वेळी इटलीत आणि ब्रह्मदेशात ब्रिटिशांसाठी लढत होते. त्याच उंबऱ्यावर मुलाची मनिऑर्डर येत होती आणि त्याच माळ्यावर तूफान सेनेची रायफल लपलेली होती.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्याचा प्रसंग या कामाची रीत दाखवतो. ठाण्यातली हत्यारं हवी होती. ठाण्यासमोर एक नवरा बायकोला मारहाण करू लागला. बाई म्हणजे हौसाताई, नवऱ्याचं सोंग घेतलेला गडी सहकारी. मार मात्र सोंगाचा नव्हता. खरा वाटावा म्हणून तो खराच द्यायचा ठरला होता. शेवटी त्याने भलामोठा धोंडा उचलला, तेव्हा पोलीस धावत बाहेर आले आणि भांडण सोडवण्यात गुंतले. तेवढ्यात सोबत्यांनी आत शिरून बंदुका आणि काडतुसं पळवली. पुढे म्हातारपणी हौसाताई हा किस्सा सांगत तेव्हा त्या सहकाऱ्याने किती जोरात मारलं याची तक्रार अजून त्यांच्या बोलण्यात असे.

मेव्हिस लीव्हरने यंत्रावर बसलेल्या माणसाचा कंटाळा ओळखला, हौसाताईंनी पोलिसाची नजर ओळखली. बायको मार खाते हे रोजचं, त्यात ठाण्याने पडायचं नाही; पण डोळ्यांदेखत खून होऊ द्यायचा नाही. त्या दोन्हींमधल्या फटीतून हत्यारं बाहेर पडली. पणजीतही हेच. बाईची पिशवी तपासतील, कमरेची गाठ पाहतील, पण तिचा अंबाडा सोडून बघायला पहारेकऱ्याचा हात जाणार नाही. शत्रू कुठे बघत नाही हे आधी ओळखायचं, आणि हे ओळखायला पुरुषांच्या राज्यात जन्मभर वावरलेल्या बाईइतकं कोण तरबेज असणार?

या बायांच्या एकमेकींशी असलेल्या मैत्रीकडे आपल्या इतिहासाने पुरेसं पाहिलेलं नाही, ही माझी खरी खंत आहे. पोलिसांच्या कागदांत आरोपी असतात, फरारी असतात, माफीचे साक्षीदार असतात. मैत्रिणींसाठी तिथे रकाना नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी वीस वर्षंही पुरी झालेली नसताना घर सोडलं आणि त्या चळवळीत उतरल्या. लग्न १९४६ साली बाबूजी पाटणकरांशी. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांत बाबूजींचा अंत झाला आणि इंदुताईंनी लहानग्या मुलाला वाढवत शेतकरी आणि परित्यक्ता बायांच्या चळवळी चालवल्या. अशा बायांना पुढची पन्नास-साठ वर्षं कुणी उभं केलं? भूमिगत काळात जिच्या घरी लपल्या तिनेच बाळंतपणाला पाणी तापवलं, मयताला सोबत केली, निवडणुकीला जीप मागून आणली. मराठी कादंबरीकाराला इथे भरपूर जागा आहे. मोलाचा मजकूर साताऱ्या-सांगलीच्या स्वयंपाकघरांत होता. तो ऐकून ठेवायचं काम पत्रकारांनी आणि काही संशोधकांनी फार उशिरा केलं, पण केलं म्हणून पणजीची चिठ्ठी आपल्यापर्यंत आली.

स्वातंत्र्यानंतर या बाया गप्प बसल्या नाहीत. हौसाताई विट्याला राहिल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरचे शेतकरी दिल्लीला मोर्चा नेणार होते, तेव्हा वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांनी जाहीर निरोप पाठवला: शेतकऱ्याच्या पिकाला योग्य भाव मिळाला पाहिजे, सरकारने झोपेतून जागं झालं पाहिजे, आणि तब्येत साथ देत असती तर या मोर्चात मी स्वतः चालले असते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्या गेल्या.